सर्वत्र चालणारे एक रूप : चित्रमुद्रणांच्या रूपांतराचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

विद्यापीठांच्या विभागांत, ग्रंथालयांत आणि खाजगी कपाटांतही गेल्या चार दशकांत चित्रमुद्रणांचे जे संग्रह साठत गेले, ते क्वचितच एकजिनसी असतात. एकाच संग्रहात व्हीएचएसच्या कॅसेटी, मिनीडीव्हीच्या लहान फिती, व्हिडिओ सीडी, संगणकावरील एव्हीआय आणि एमओव्ही फायली, जुन्या मोबाइलवर घेतलेली थ्रीजीपी चित्रे आणि अलीकडील एमपी४ फायली शेजारी शेजारी नांदत असतात. अशा संग्रहाचा कोणी अभ्यासक उपयोग करू लागला, की पहिली अडचण आशयाची नसून यंत्राची असते. एक फाइल चालते, दुसरी नुसता आवाज देते, तिसरी उघडतच नाही. यावर सहज सुचणारा उपाय असा, की सर्व संग्रह एकदाच कोणत्या तरी सर्वत्र चालणाऱ्या एका रूपात आणावा आणि जुन्या रूपांच्या कटकटीतून कायमचे मोकळे व्हावे.

हा उपाय व्यवहाराच्या दृष्टीने रास्त आहे, परंतु त्यातील 'सर्वत्र' आणि 'कायमचे' हे दोन शब्द इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. सर्वत्र चालणारे रूप यापूर्वी अनेकदा अवतरले आणि प्रत्येक वेळी काही वर्षांतच त्याचे सार्वत्रिकत्व ओसरले. ते कसे घडले हे पाहणे आणि त्यावरून संग्रहाच्या रूपांतराविषयी कोणता विवेक निष्पन्न होतो ते ठरविणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. येथे 'चित्रमुद्रण' हा शब्द हलत्या चित्राच्या व त्यासोबतच्या ध्वनीच्या विद्युत् मुद्रणास, म्हणजे व्यवहारात ज्यास व्हिडिओ म्हणतात त्यास उद्देशून योजिला आहे. 'फॉर्मॅट' या रूढ शब्दाऐवजी बहुतेक ठिकाणी 'रूप' हा शब्द वापरला आहे.

२. फितीचा काळ : राष्ट्रागणिक भिन्न रूपे

व्यवहारात उतरलेले पहिले चित्रफीत-यंत्र अमेरिकेतील ॲम्पेक्स या कंपनीने १९५६ मध्ये प्रसारण संस्थांसमोर ठेवले. त्याची फीत दोन इंच रुंद होती आणि यंत्र एखाद्या मोठ्या कपाटाएवढे होते. त्या काळी चित्रमुद्रणाचे रूप ठरत असे ते दूरचित्रवाणीच्या प्रसारण-पद्धतीवरून, आणि या पद्धती जगभर एक नव्हत्या. अमेरिका व जपान यांनी ५२५ ओळींची आणि सेकंदास सुमारे ३० चित्रांची एनटीएससी पद्धती अवलंबिली. पश्चिम युरोपातील बहुतेक देशांनी ६२५ ओळींची आणि २५ चित्रांची, जर्मनीत वाल्टर ब्रूख यांनी विकसित केलेली पाल पद्धती घेतली. फ्रान्सने सेकाम ही स्वतंत्र पद्धती ठेवली. भारतात १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी रंगीत प्रसारण सुरू झाले, ते पाल पद्धतीनुसार.

या भेदांमागे वीजपुरवठ्याची कंपनसंख्या, उद्योगांचे हितसंबंध आणि राष्ट्रीय अभिमान अशी मिश्र कारणे होती. परिणाम मात्र एकच झाला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाने तेथील समारंभाची कॅसेट इकडे पाठविली, तर ती आकाराने आपल्या कॅसेटीसारखीच असूनही केवळ पाल पद्धतीच्या यंत्रावर नीट दिसत नसे. त्यासाठी अनेक पद्धती जाणणारे यंत्र लागे, किंवा कॅसेटीचे रूपांतर करून घ्यावे लागे. तेव्हा 'मिश्र संग्रह' आणि 'रूपांतर' हे दोन्ही प्रश्न संगणकापूर्वीचेच आहेत.

रूपांतराचे कामही त्याच काळी सुरू झाले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिक स्पर्धांचे ५२५ ओळींचे चित्र युरोपात ६२५ ओळींत दाखविण्यासाठी ब्रिटिश प्रसारण मंडळाच्या अभियंत्यांनी इलेक्ट्रॉनिक रूपांतरयंत्र वापरले. सेकंदाला साठ क्षेत्रचित्रांतून पन्नास घडवावयाची, म्हणजे काही क्षण गाळावयाचे किंवा दोन क्षणांचे मिश्रण करावयाचे. हे गाळलेले क्षण उलट रूपांतराने परत मिळत नाहीत. या क्षेत्रातील पुढील सर्व चर्चेचे बीज या साध्या गोष्टीत आहे.

घरगुती वापरात सोनीची बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ मध्ये आली. दोहोंच्या स्पर्धेत व्हीएचएस विजयी झाली आणि सुमारे वीस वर्षे 'सर्वत्र चालणारे रूप' हे बिरुद तिला खरोखरच शोभत होते. पण जपानमधील फुनाई या कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबविले, आणि त्याबरोबर नवी यंत्रे बनविणारा ज्ञात असा शेवटचा उत्पादकही मागे हटला. चुंबकीय फितींवरील ध्वनी व चित्र यांचा वेळीच बचाव व्हावा म्हणून युनेस्कोने ध्वनि-दृक् संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसह २०१९ मध्ये इशाऱ्याचा एक प्रकल्प हाती घेतला. फीत शिल्लक आहे, पण ती वाचणारे यंत्र नाही, अशी अवस्था दृष्टिपथात आल्याचे ते द्योतक होते.

३. अंकन आणि संक्षेप

चित्राचे अंकांत रूपांतर करण्याविषयीचा पहिला महत्त्वाचा जागतिक समझोता १९८२ चा आहे. त्या वर्षी संमत झालेल्या सहाशे-एक क्रमांकाच्या शिफारशीने ५२५ आणि ६२५ या दोन्ही पद्धतींसाठी एकच नमुनासंख्या स्वीकारली : सेकंदाला १ कोटी ३५ लक्ष नमुने आणि प्रत्येक दृश्य ओळीत ७२० बिंदू. ही संख्या मुद्दाम अशी निवडली होती, की ती दोन्ही पद्धतींच्या ओळींच्या गतीत पूर्णांकाने बसावी. ओळींची संख्या आणि चित्रांचा वेग यांतील भेद तसेच राहिले, तरी मोजमापाची भाषा एक झाली.

परंतु या मोजमापाने मिळणारी अंकराशी प्रचंड होती. ६२५ ओळींच्या पद्धतीतील दृश्य भागात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस सरासरी १६ अंश आणि सेकंदाला २५ चित्रे धरल्यास सेकंदाला सुमारे १६.६ कोटी अंश होतात. ही राशी साठविणे वा पाठविणे त्या काळी सामान्य साधनांच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून संक्षेपाची गरज निर्माण झाली.

संक्षेपाचा पाया ज्या गणिती साधनावर उभा आहे, ते साधन, म्हणजे विविक्त कोज्या-रूपांतर, मूळचे बंगळूरचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. चित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील छटांचे सौम्य व तीव्र चढउतार वेगळे करावयाचे आणि मानवी डोळ्यास जे सूक्ष्म चढउतार फारसे जाणवत नाहीत त्यांचे मूल्य ढोबळ करावयाचे, हे त्याच्या उपयोगाचे सार होय. यास गतीच्या अनुमानाची जोड मिळाली. लागोपाठच्या चित्रांत बदल थोडा असतो. म्हणून प्रत्येक चित्र नव्याने न लिहिता, मागील चित्रातील कोणता चौकोन कोठे सरकला एवढेच लिहावयाचे. दूरध्वनीच्या तारांवरून चित्र पाठविण्यासाठी १९८८ मध्ये संमत झालेल्या एच.२६१ या मानकात ही दोन्ही तत्त्वे एकत्र आली. पुढील बहुतेक सर्व प्रमुख मानके याच घराण्यातील आहेत.

त्याच वर्षी लिओनार्डो क्यारिलिओने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने एमपेग हा तज्ज्ञांचा गट स्थापन झाला. त्याचे पहिले मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्यावर आधारलेली व्हिडिओ सीडी आली. भारतासह आशियातील अनेक देशांत ही तबकडी घरोघर पोहोचली. तिचे यंत्र स्वस्त होते आणि तबकडी त्याहून स्वस्त. १९९० च्या दशकाच्या अखेरीस व पुढील काही वर्षांत ज्यांनी आपल्या कॅसेटींचा संग्रह 'नव्या आणि टिकाऊ' रूपात आणला, त्यांपैकी पुष्कळांनी तो व्हिडिओ सीडीवर आणला.

या रूपांतरात काय घडले याचा हिशेब उद्बोधक आहे. व्हिडिओ सीडीतील पाल चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, म्हणजे १,०१,३७६ बिंदूंचे असते. मूळ मोजमापाच्या चौथ्या हिश्शाहूनही ते किंचित कमी भरते. चित्रासाठी सेकंदाला सुमारे ११.५ लक्ष अंश राखलेले असतात. वर काढलेल्या संख्येच्या सुमारे १४४ व्या भागाएवढे हे प्रमाण आहे. याखेरीज कालाचीही हानी होते. दूरचित्रवाणीचे प्रत्येक चित्र विषम ओळींचे एक आणि सम ओळींचे एक अशा दोन क्षेत्रचित्रांचे बनलेले असते आणि ती दोन वेगळ्या क्षणी घेतलेली असतात; सेकंदात पन्नास क्षण टिपलेले असतात. २८८ ओळींच्या चित्रात त्यांपैकी पंचवीसच उरतात. व्हीएचएसची मूळ स्पष्टता बेताचीच असल्याने पाहणाऱ्यास फरक फारसा जाणवला नाही. परंतु तबकडी हाती येताच मूळ कॅसेट पुसून टाकली किंवा फेकून दिली असेल, तर ते पंचवीस क्षण कायमचे गेले.

४. प्रत आणि रूपांतर

येथे एका व्यापक गैरसमजाचा विचार करणे आवश्यक आहे. अंकरूप मुद्रणाची कितीही वेळा प्रत काढली तरी ती मूळासारखीच राहते, हे विधान सत्य आहे. कॅसेटीवरून कॅसेट काढताना प्रत्येक पिढीत चित्र मंदावत असे, तसे येथे होत नाही. परंतु हे विधान प्रतीविषयी आहे, रूपांतराविषयी नाही. एका संक्षेपातून दुसऱ्या संक्षेपात जाताना चित्र प्रथम उलगडावे लागते आणि मग नव्या नियमांनी पुन्हा आवळावे लागते. पहिल्या संक्षेपाने निर्माण केलेले दोष दुसऱ्या संक्षेपास चित्राचाच भाग वाटतात आणि तो त्यांचीही इमानाने नोंद करतो. भाषांतरावरून केलेल्या भाषांतराची जी गत होते, तीच येथे होते. तिसऱ्या भाषेतील वाचकास पहिल्या भाषांतरकाराच्या चुका आणि मूळ लेखकाचा अभिप्राय वेगळे करता येत नाहीत.

हा भेद नीट समजण्यासाठी फाइलीच्या रचनेतील दोन थर ओळखले पाहिजेत. पहिला थर चित्र व ध्वनी ज्या नियमांनी संक्षिप्त केले त्यांचा. यास तंत्रज्ञ कोडेक म्हणतात. दुसरा थर चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके ज्यात एकत्र बांधलेली असतात त्या वेष्टनाचा. यास कंटेनर म्हणतात. ॲपलचे क्विकटाइम हे वेष्टन १९९१ चे, मायक्रोसॉफ्टचे एव्हीआय १९९२ चे. क्विकटाइमच्या रचनेच्या आधारे पुढे एमपी४ हे वेष्टन मानक म्हणून तयार झाले आणि २००३ मध्ये ते स्वतंत्र भाग म्हणून प्रसिद्ध झाले. मात्रोस्का हे मुक्त वेष्टन २००२ अखेरचे. फाइलीच्या नावापुढील अक्षरे केवळ वेष्टन सांगतात. आतील भाषा सांगत नाहीत. एव्हीआय या एकाच वेष्टनात डीव्ही, डिव्हएक्स, एक्सव्हिड अशा सर्वस्वी भिन्न कोडेकांची चित्रे सापडतात. त्यामुळे 'कालची एव्हीआय चालली, आजची का चालत नाही' असा प्रश्न पडतो. पुस्तकाच्या बांधणीवरून त्याची भाषा ओळखू पाहण्यासारखेच ते आहे.

यावरून रूपांतराचे दोन प्रकार निष्पन्न होतात. केवळ वेष्टन बदलणे म्हणजे जुन्या पुस्तकाची नवी बांधणी. मजकुराचे अक्षरही हलत नाही, कामास वेळ लागत नाही आणि हानी होत नाही. कोडेक बदलणे म्हणजे भाषांतर. त्यात वेळ लागतो आणि काही ना काही गमवावे लागते. सोनी व पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांच्या फायली घरच्या संगणकावर पुष्कळदा अडतात. परंतु त्यांतील चित्र मुळातच एच.२६४ या आजच्या प्रचलित कोडेकमध्ये असते. ते न उलगडता एमपी४ वेष्टनात हलविता येते. हे न ओळखता संपूर्ण संग्रह सरसकट पुन्हा संक्षिप्त करणे म्हणजे मराठी पुस्तकाचे मराठीतच पण कमी शब्दांत पुनर्लेखन करणे होय.

मिश्र संग्रह हाताळण्याची सामान्य माणसाची क्षमता वाढली ती प्रामुख्याने मुक्त संगणकप्रणालींमुळे. फ्रान्समधील फॅब्रिस बेलार यांनी २००० मध्ये एफएफएमपेग हा प्रकल्प सुरू केला. असंख्य कोडेक वाचणारी व अनेक कोडेक लिहिणारी ही प्रणाली आज कित्येक रूपांतर-साधनांच्या मुळाशी आहे. पॅरिसजवळील एकोल सांत्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून उदयास आलेला व्हीएलसी हा प्लेयर २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली आला. हँडब्रेक हे रूपांतर-साधन २००३ पासूनचे आहे. या साधनांचे ऐतिहासिक महत्त्व असे, की ज्या कंपनीने एखादे रूप निर्माण केले ती कंपनी वा तिचा उत्साह संपला, तरी ते रूप वाचण्याची विद्या लोकांच्या हाती राहिली.

५. सार्वत्रिकत्व कसे ठरते

एच.२६४ हे मानक मे २००३ मध्ये पूर्ण झाले. एमपी४ वेष्टन, एच.२६४ चित्र आणि एएसी ध्वनी हे त्रिकूट आज 'सर्वत्र चालणारे रूप' म्हणून मान्य आहे. पण त्यास हे स्थान केवळ गुणामुळे मिळाले असे म्हणता येणार नाही. त्यामागे उपकरणांचे, करारांचे आणि मक्तेदारीचे राजकारण होते.

मिश्र चित्रमुद्रणांचे एका रूपात आजवर झालेले सर्वांत मोठे रूपांतर बहुधा यूट्यूबचे म्हणावे लागेल. २००५ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळाने लोकांकडून वाटेल त्या रूपातील चित्रे स्वीकारली आणि ती सर्व फ्लॅश या एकाच माध्यमातून दाखविली. पाहणाऱ्याकडे कोणता कोडेक आहे हा प्रश्नच त्यामुळे मिटला. परंतु २००७ मध्ये ॲपल टीव्ही आणि आयफोन ही उपकरणे आली, आणि त्यांवर फ्लॅश चालत नव्हते. तेव्हा यूट्यूबने आपली चित्रे एच.२६४ मध्ये नव्याने संक्षिप्त करण्यास आरंभ केला. ज्या रूपास दोन वर्षांपूर्वी सार्वत्रिक मानले होते, त्यातून इतक्या लवकर बाहेर पडावे लागले. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी खुले पत्र लिहून फ्लॅशविरुद्धची आपली भूमिका मांडली. २०१७ मध्ये ॲडोबीने फ्लॅशची मुदत जाहीर केली. आणि २०२० च्या अखेरीस त्याचा आधार थांबला.

वेबपानांच्या भाषेचे नवे मानक तयार होत असता त्यात चित्रासाठी एकच अनिवार्य कोडेक असावा असा प्रयत्न झाला. मुक्त अशा थिओराच्या बाजूने एक पक्ष आणि एच.२६४ च्या बाजूने दुसरा, असा तिढा पडला. २००९ मध्ये अनिवार्य कोडेकची अट मसुद्यातून काढून टाकावी लागली. गूगलने २०१० मध्ये वेबएम हे स्वामित्वशुल्करहित रूप पुढे केले आणि जानेवारी २०११ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून एच.२६४ चा आधार काढण्याची घोषणाही केली. ती घोषणा अमलात आली नाही. उलट एच.२६४ च्या पेटंटधारकांच्या संघाने २०१० मध्ये वेबवर विनामूल्य दाखविल्या जाणाऱ्या चित्रांवर शुल्क घेणार नाही असे जाहीर केले, आणि २०१३ मध्ये सिस्को कंपनीने शुल्काचा भार स्वतः उचलून एक तयार कोडेक मोफत देऊ केल्यावर फायरफॉक्सचाही विरोध मावळला. तात्पर्य, एच.२६४ सर्वत्र चालते ते अनेक संस्थांनी ते चालू द्यावयाचे ठरविले म्हणून. २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि २०१८ मध्ये एव्ही१ हे अधिक कार्यक्षम कोडेक आले. पुढील सार्वत्रिक रूपाचे उमेदवार रांगेत उभे आहेत.

शिवाय एका नावाखालीही एकरूपता नसते. एच.२६४ मध्ये अनेक प्रकार आहेत. प्रत्येक बिंदूस आठ अंशांचे आणि रंगाची नोंद आडवी-उभी निम्मी ठेवणारे चित्र जवळपास सर्व मोबाइल व दूरचित्रवाणी-संच दाखवितात. तेच चित्र दहा अंशांचे किंवा अधिक रंगनोंदीचे असले, तर नाव एच.२६४ च असूनही पुष्कळ उपकरणे ते नाकारतात. प्रमाणभाषा म्हणवणाऱ्या भाषेतही व्यवहारात सर्वांना कळणारा भाग मर्यादितच असतो, हे भाषाभ्यासकांस अपरिचित नाही.

६. गमावले काय जाते

रूपांतरातील हानी ही केवळ चित्राच्या देखणेपणाची बाब असती, तर विद्यापीठीय संशोधनास तिची एवढी चिंता करण्याचे कारण नव्हते. परंतु बोलींच्या अभ्यासासाठी केलेल्या चित्रमुद्रणांत ही हानी पुराव्याचीच हानी ठरू शकते.

२००० नंतरच्या दशकातील पुष्कळ मोबाइल थ्रीजीपी रूपात चित्रे घेत. त्यांतील ध्वनी बहुधा एएमआर या, दूरध्वनीवरील संभाषणासाठी घडविलेल्या कोडेकमध्ये असे. त्यात सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि सुमारे २०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा राखला जातो. ऊष्म वर्णांचे घर्षण मात्र याहून उंच पट्ट्यात असते. विशेषतः 'स' या वर्णाची बहुतेक शक्ती ४,००० हर्ट्‌झच्या वर असते, तर 'श'ची त्याहून खाली सुरू होते. मराठीतील तालव्य आणि दंततालव्य अशा दुहेरी 'च'-'ज'चा भेदही मुख्यतः याच घर्षणावर अवलंबून आहे. 'चार' या संख्यावाचकातील 'च' आणि 'चारा' या शब्दातील 'च', किंवा विश्व या अर्थी 'जग' आणि जिवंत राहा या अर्थी 'जग', यांतील फरक लेखनात दिसत नाही. तो फक्त उच्चारात असतो. एखाद्या बोलीत हा भेद कोठे पाळला जातो आणि कोठे नाही, हे ठरवावयाचे असेल, तर ३,४०० हर्ट्‌झवर कापलेला ध्वनी पाहणीचा निर्णायक भागच गाळून बसलेला असतो. मूळ मुद्रणच तसे असल्यास इलाज नाही. परंतु चांगल्या ध्वनीची मिनीडीव्ही फीत केवळ मोबाइलवर पाठविता यावी म्हणून थ्रीजीपीत आणली आणि तेवढीच राखली, असे झाले असल्यास तो दोष काळाचा नसून रूपांतर करणाराचा आहे.

चित्राबाबतही हेच म्हणता येईल. ओष्ठ्य व्यंजनांत ओठ मिटून राहण्याचा काळ सामान्यतः सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. सेकंदाला ५० क्षणांच्या मुद्रणात त्यात पाच नोंदी पडतात, २५ चित्रांच्या मुद्रणात दोन-तीन, आणि १५ चित्रांच्या मुद्रणात एखाददुसरी. खुणांच्या भाषेच्या अभ्यासात, जेथे हाताची जलद हालचाल हाच शब्द असतो, तेथे ही उणीव अधिकच जाचक ठरते.

याखेरीज निष्काळजीपणाचे काही दोष नेहमी आढळतात. पाल पद्धतीच्या ७२० गुणिले ५७६ चित्रातील बिंदू चौरस नसतात. ते चौरस मानले की चेहरे उभट दिसू लागतात. लहान चित्र मोठ्या मापात आणले तर फाइल वाढते, माहिती वाढत नाही. २५ चित्रांचे मुद्रण ३० चित्रांत नेले तर काही चित्रे दुबार येतात आणि कालमापनाचा आधार जातो. मुद्रणाची मूळ तारीख व वेळ फाइलीच्या नोंदींत असते; सरसकट रूपांतरात पुष्कळदा त्या जागी रूपांतराची तारीख येते. ऐतिहासिक साधनाच्या दृष्टीने हा दोष सर्वांत घातक म्हटला पाहिजे.

७. निष्कर्ष

या इतिहासावरून संग्रह एका रूपात आणू नये असे मुळीच निष्पन्न होत नाही. जी चित्रे कोणी उघडू शकत नाही, ती कोणी अभ्यासूही शकत नाही. निष्पन्न होते ते एवढेच, की पाहण्याची प्रत आणि जतनाची प्रत या दोन भिन्न वस्तू आहेत आणि एकीने दुसरीची जागा घेऊ नये.

पाहण्याच्या प्रतीसाठी एमपी४, एच.२६४ आणि एएसी हे त्रिकूट आज योग्य आहे. प्रत्येक फाइलीची आतील रचना आधी तपासावी. जेथे वेष्टन बदलून भागते तेथे कोडेकला हात लावू नये. चित्राचा मूळ वेग व माप राखावे. क्षेत्रचित्रांचे एकत्रीकरण या प्रतीपुरतेच करावे. जतनाच्या प्रतीसाठी तत्त्व निराळे आहे. जे आधीच अंकरूप आहे, ते आहे त्याच रूपात, अंशही न बदलता ठेवावे. मिनीडीव्हीच्या तासाभराच्या फितीस सुमारे १३ गिगाबाइट लागतात, आणि आज ही जागा महाग नाही. जे व्हीएचएससारख्या फितींवर आहे, त्याचे अंकन हानिरहित रूपात करावे. त्यासाठी एफएफव्ही१ हा कोडेक अनेक संग्रहालयांनी स्वीकारला आहे. मिखाएल नीडरमायर यांनी २००३ च्या सुमारास तो एफएफएमपेगमध्ये घडविला. त्याचे विवरण २०२१ मध्ये आणि मात्रोस्का वेष्टनाचे २०२४ मध्ये इंटरनेट-मानकांच्या मालिकेत प्रसिद्ध झाले. हे रूप सर्व मोबाइलांवर चालत नाही, आणि तसे चालावे ही अपेक्षाही नाही. त्याची नियमावली उघड आहे आणि त्यातून मूळ चित्र बिंदूबिंदूने परत मिळते, एवढे जतनास पुरे आहे.

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाशी निगडित अशा भाषा-बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या १९१३ ते १९२९ या काळात मुद्रित झाल्या. तबकडी हे त्या काळचे सर्वत्र चालणारे रूप होते. ते मागे पडले. तथापि तबकड्या जपून ठेवल्या गेल्या, म्हणून जवळजवळ शतकानंतर त्यांचे अंकन होऊ शकले आणि आज ते आवाज संगणकावर ऐकता येतात. मधल्या काळातील एखाद्या सोयीस्कर रूपात आणून मूळ तबकड्या टाकून दिल्या असत्या, तर त्या सोयीच्या मर्यादा आजच्या अभ्यासकावर कायमच्या लादल्या गेल्या असत्या. आजच्या संग्रहांचे रूपांतर करणाऱ्यांनी पुढील अभ्यासकांस तेवढीच मोकळीक ठेवली पाहिजे. ज्या मूळ फितींचे वाचन करणारी यंत्रे अजून चालू अवस्थेत आहेत, त्यांचे काम प्रथम हाती घ्यावे. फायली थांबू शकतात, पण यंत्रे थांबणार नाहीत.